हाड मोडलं नाही ना, मग झालं की वो!

डिसेंबरात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला जुन्या सोलापुरातल्या गल्लीबोळांतून फिरलात तर कुठे ना कुठे नंदीध्वजाचा सराव चाललेला दिसतो. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या निघतात, त्याची ही तयारी. काठी पेलणाऱ्याची नजर सारखी वर, शेंड्याकडे. तोल तिथून कळतो. पायाखाली काय आहे ते मात्र त्याला दिसत नाही, आणि आपल्या रस्त्यांबद्दल मी वेगळं काय सांगू.

असाच एक विशीतला पोरगा एका सकाळी माझ्याकडे आला. मी फिजिओथेरपिस्ट, इथं लोक सरसकट डॉक्टरच म्हणतात. भावाच्या खांद्यावर हात, एका पायावर लंगडी, काखेत एक्स-रेचं पाकीट. मागोमाग त्याची आज्जी. खड्ड्यात पाऊल पडलं, घोटा आतल्या बाजूला वळला, काहीतरी ‘कट्’ झालं. रात्रीच एक्स-रे काढला, हाड शाबूत. मग आज्जीनं करडईचं तेल कोमट करून पाय चांगला अर्धा तास चोळला, वर विटेचा शेक दिला. सकाळी घोटा दिसेनासा झाला होता. बाहेरच्या घोट्याखाली नारळाच्या अर्ध्या वाटीएवढी सूज.

“डॉक्टर, हाड तर मोडलं नाही ना?” आज्जी म्हणाली. “मग झालं की वो. सूज तेवढी उतरवा.”

हे वाक्य मी रोज ऐकतो. आपल्याकडे दुखापत म्हणजे हाड. हाड मोडलं की प्लास्टर, सुट्टी, नातेवाइकांची रांग, शहाळी. हाड सलामत असेल तर तो माणूस नाटकं करतोय, असा घरादाराचा समज. पण एक्स-रेत दिसतं ते मुख्यतः हाडच. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे यांतलं काय फाटलंय ते त्या काळ्या फिल्मवर उमटत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, आणि बहुतेक वेळा तोही लागत नाही. बोटं लावून तपासलं की पुष्कळ कळतं.

गंमत म्हणजे मराठीत या दुखापतींना वेगवेगळे शब्द आधीपासून आहेत, आणि ते बरेच नेमके आहेत. मुरगळणं म्हणजे सांधा भलतीकडे वळणं. यात इजा होते ती अस्थिबंधांना, ज्यांना सगळे लिगामेंट म्हणतात. लचक भरणं, उसण भरणं, चमक निघणं हे बहुतेक वेळा स्नायूंचं दुखणं असतं. मार्केट यार्डात कांद्याचं पोतं उचलताना कमरेत भरते ती, किंवा पोलीस भरतीची पोरं पहाटे शंभर मीटरला जोरात सुटली की मांडीच्या मागे कळ येते ती. आणि मुका मार म्हणजे वरून काही लागणं: कातडी फाटत नाही, आत रक्त साकळतं. हे तीन शब्द नीट वापरले तर निम्मं निदान रुग्णानंच केलेलं असतं. घोटाळा करतो तो चौथा शब्द, ‘शीर’. आपली शीर म्हणजे रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूचा पट्टा, सगळंच. ‘शीर चढली’, ‘शीर दबली’ असं कुणी म्हणालं की मी आधी बोट ठेवून जागा दाखवायला सांगतो.

त्या पोरालाही तेच सांगितलं. घोटा मुरगळला की पहिला प्रश्न हाडाचाच असतो, आणि त्याची एक सोपी कसोटी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली ती मांडली, आज जगभरातल्या कॅज्युअल्टीत वापरतात. घोट्याची दोन टोकं असतात, आतलं आणि बाहेरचं. त्या टोकांवर आणि तिथून वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम चार बोटं, हाडाची मागची कड दाबायची. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून टाचेकडे येताना मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, तो दाबायचा. आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरचं हाड दाबायचं. यांपैकी हाडावरच नेमकं दुखत असेल, किंवा लागलं तेव्हाही आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकली तरी ती पावलंच. हाड दुखत नाही आणि चार पावलं पडतात, तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फारच कमी. ज्याच्या पायाला मधुमेहामुळे बधिरपणा आहे, जो प्यायलेला आहे, किंवा जे मूल अगदी लहान आहे, त्याच्यावर ही कसोटी चालवू नये. मुलांत तर वेगळीच अडचण असते: हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा अजून कोवळी असते आणि लिगामेंटच्या आधी तीच दगा देते. म्हणून दहा वर्षांच्या मुलाचं ‘मुरगळलंय’ मी सहजासहजी मान्य करत नाही.

पोराची चार पावलं पडली, दात-ओठ खात. दुखत होतं ते हाडावर नाही, बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे आणि खाली. पाय आत वळला की सगळ्यात आधी ताणला जातो तो तिथला लिगामेंट. मागच्या भागापेक्षा तो नाजूक आहे, आणि मुरगळलेल्या दहा घोट्यांत बहुतेकांचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

आता आत नक्की काय झालं, हे सोलापुरात समजावणं सोपं आहे, कारण इथं पुष्कळ घरांत कुणीतरी मागावर बसलेलं असतं. लिगामेंट म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे, मागाच्या बीमवर ताणा, म्हणजे उभे धागे, भरतात तसे एका दिशेत, शेजारी शेजारी. काही धागे ताणले गेले पण तुटले नाहीत, ही पहिली पायरी. दुखतं, थोडं सुजतं, चालता येतं. दोन-तीन आठवड्यांत माणूस मार्गी लागतो. बरेच धागे तुटले पण पट्टा अखंड आहे, ही दुसरी. सूज मोठी, काळंनिळं, पाय टेकवताना शिव्या आठवतात. चार ते आठ आठवडे. पूर्ण पट्टाच तुटला, ही तिसरी, आणि तिथं एक फसवी गोष्ट घडते. पहिल्या कळेनंतर दुखणं कधीकधी कमी वाटतं, कारण ताण घ्यायला धागाच उरलेला नसतो. सांधा मात्र डुगडुगतो. दुखणं कमी म्हणजे इजा कमी, हा हिशेब इथं चुकतो.

पोराची दुसरी पायरी होती.

धागे तुटले की शरीर काय करतं? पहिले काही दिवस तिथं रक्त आणि पाणी जमतं, सफाई करणाऱ्या पेशी येतात. सूज म्हणजे शत्रू नव्हे, दुरुस्तीची गाडी दारात लागल्याची खूण आहे. नंतरच्या काही आठवड्यांत नवे धागे टाकले जातात, पण घाईघाईत, वेडेवाकडे, कमी प्रतीच्या कोलॅजेनचे. मागावर तुटलेला ताणा कुणी शिकाऊ पोरानं मिळेल तिथं गाठ मारून जोडावा, तसे. पुढे कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा, ते धागे बदलत राहतात, सरळ होतात, मजबूत होतात. कुठल्या दिशेनं सरळ व्हायचं हे त्यांना कळतं ते ताणावरून. ताण पडला तर त्या दिशेनं धागा बसतो. सहा आठवडे पाय उशीवर ठेवून बसलात तर गुंता तसाच वाळतो. पहिल्याच आठवड्यात पळायला लागलात तर जोडलेलं पुन्हा तुटतं. उपचार म्हणजे या दोन मूर्खपणांच्या मधली वाट शोधणं, बाकी सगळी वरकड.

आता आज्जीच्या तेलाकडे येऊ, कारण सोलापुरातल्या सुजलेल्या घोट्यांत तेलाचा वाटा मोठा आहे. पहिले दोन-तीन दिवस आत बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात. त्या वेळी जोरात चोळलं, शेक दिला, गरम लेप लावला की रक्तस्राव आणि सूज वाढते. गरम पाणी, दारू, पळणं आणि मालिश या चार गोष्टी पहिले तीन दिवस बंद. मुका मार असेल तर चोळण्यानं आणखी एक भानगड होते. मांडीवर किंवा कोपराला जोरात लागलेल्या जागी पुन्हा पुन्हा रगडलं तर साकळलेल्या रक्ताच्या जागी, चक्क स्नायूच्या आत, हाड तयार होऊ शकतं. कोपर पडून सुजलंय, कुणा जाणकारानं चोळून ओढून सरळ केलंय, आणि दोन महिन्यांनी हात अर्धाच सरळ होतोय, अशी मुलं हाडांच्या डॉक्टरांकडे आजही येतात. आंबेहळदीच्या कोमट, पातळ लेपाबद्दल मी भांडत बसत नाही. तो लावताना माणूस निदान पाय हलवत नाही. चोळण्याबद्दल मात्र भांडतो.

मग बर्फाचं काय? 1978 साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, पट्टी आणि पाय वर, असं चार गोष्टींचं सूत्र दिलं. इंग्रजी आद्याक्षरं जुळून त्याचा ‘राइस’ झाला आणि जगभर पाठ झाला. पुढे खुद्द मर्किननीच कबूल केलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी भरून येणं लांबूही शकतं, कारण सफाईच्या पेशींना तिथं पोचावं लागतं. डॉक्टर स्वतःचं सूत्र मागे घेतो हे मला फार आवडलं. आपल्यात तेवढी हिंमत कमी. आज माझा हिशेब असा आहे: बर्फ दुखणं कमी करायला चांगला, पहिल्या दीड-दोन दिवसांत, एका वेळी पंधरा मिनिटं, तीन-चार तासांच्या अंतरानं. बर्फानं लवकर भरून येतं असं मी सांगत नाही. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. इथं एक गावठी सूचना: आपला सोलापुरी टर्किश टॉवेल यासाठी घेऊ नका. तो इतका जाड की गारवा पायापर्यंत पोचतच नाही. आजोबांचा झिजलेला पंचा ओला करून त्यात बर्फ गुंडाळा.

क्रेप पट्टी बोटांकडून वर गुंडाळत न्यायची, टाच उघडी सोडायची नाही, आणि बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर लगेच सैल करायची. पाय छातीपेक्षा वर ठेवायचा. खुर्चीसमोर स्टूल ठेवलं की झालं असं नाही, झोपून दोन उशा हव्यात. गोळ्यांचं सांगायचं तर आधी पॅरासिटामॉल, किंवा वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल. पोटातून घ्यायच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर या गोळ्या जड जातात. अल्सर, दमा, किडनीचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर फारच जपून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आज्जीचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. लागलं घोट्याला आणि निळं झालंय टाचेपाशी नि बोटांपाशी! त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. साकळलेलं रक्त गुरुत्वाकर्षणानं खाली उतरतं, बस. पुढे ते निळ्याचं हिरवट, मग पिवळं, मग मातकट होतं. हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्यानं मोडतं त्याचे ते रंग. पिवळेपणा काविळीत दिसतो त्याच बिलिरुबिनचा, फक्त पायापुरता.

घाबरायचं कधी, ते वेगळं. पोटरीला किंवा हाताला मार लागलाय, भाग दगडासारखा टणक झालाय, इजेच्या मानानं दुखणं भलतंच जास्त आहे, बोटं नुसती कुणी ओढली तरी किंकाळी निघते, मुंग्या येतायत: तर आत दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडत चाललाय. हे काही तासांचं काम असतं, सकाळची वाट बघायची नाही, सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यानंही नेमकं हेच होऊ शकतं, आणि त्यात पाय गमावलेली माणसं आहेत. दुसरी खूण टाचेच्या मागची. खेळताना ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटून माणूस वळून बघतो आणि मागे कुणीच नसतं. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललंच नाही, तर टाचेची जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, तुटलीय. ही मुरगळ नव्हे. चालता येतंय म्हणून तिला दोन-तीन आठवडे मुरगळ समजणारे लोक मला दरवर्षी भेटतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची अँटिबायोटिक्स नुकतीच घेतलेली असतील तर कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, ते डॉक्टरांना सांगावं. कमरेची उसण असेल आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पावलातली ताकद गेली, तर तेही तातडीचं.

साध्या उसणीची मात्र सोलापूरपासून कोकणापर्यंत एकच प्रसिद्ध दवा: पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्यानं कमरेला पाय लावायचा. माझ्या मावशीकडे त्यासाठी अख्खी चाळ यायची. लाथेनं काही बिघडत नसे, कारण ती हलकी होती, आणि गुण हमखास यायचा, कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच ओसरते. मावशीनं कधी कुणाला झोपवून ठेवलं नाही, ‘ऊठ, चाल आता’ म्हणून हाकललं, आणि आजचं शास्त्रही उसणीवर तेच सांगतं.

अपघात न होता हळूहळू होणारी इजा हा वेगळा प्रकार, आणि आपल्या शहरात तो भरपूर. बिडी वळणाऱ्या अक्का येतात: मांडीवर सूप, एका हातात पान, तंबाखू भरून वळायची, तोंड अंगठ्यानं दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी दर हजार बिड्यांमागे. म्हणजे तीच अंगठ्याची हालचाल दिवसात हजारदा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन कंडरा एका अरुंद बोगद्यातून जातात, तिथं घासून जाडावतात. स्विस सर्जन द केर्व्हँ यांनी 1895 साली याचं वर्णन केलं म्हणून दुखण्याला त्यांचं नाव आहे. अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे वाकवा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जोराची कळ आली तर तेच असण्याची शक्यता मोठी. इथं बर्फ-पट्टीनं भागत नाही. अंगठ्याला आधार देणारी पट्टी, मध्ये मध्ये थांबणं, न उतरल्यास इंजेक्शन. ‘थांबा’ म्हणणं मला सोपं आहे, हजाराचा हिशेब करणाऱ्या अक्काला नाही. म्हणून मी दर शंभर बिड्यांनंतर दोन मिनिटं हात मोकळा सोडा एवढंच मागतो, आणि कधीकधी ते मिळतं.

पोराकडे परत. तिसऱ्या दिवसापासून आम्ही घोटा हलवायला लागलो. बसल्या जागी पाय उचलून अंगठ्यानं हवेत बाराखडी लिहायची. ‘क’ सोपा, ‘क्ष’ला सगळे रडतात. एका हातात काठी (साधी, नंदीध्वजाची नव्हे) घेऊन चालायचं, टाच आधी टेकवायची. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली तर कालचं जास्त झालं असं समजायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रबरी पट्ट्याला लावून पाऊल बाहेर ढकलायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या.

आणि एका पायावर उभं राहायचं. हे लोकांना पोरखेळ वाटतं, पण मुरगळ पुन्हा होण्याचं सगळ्यात मोठं कारण आधी झालेली मुरगळ. फाटलेल्या लिगामेंटमध्ये सांधा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची बारीक टोकंही असतात, तीही बिघडतात. पाय वळायला लागला की स्नायूंनी तत्क्षणी सावरायला हवं, तिथं निरोप उशिरा जातो. डोळे मिटून एका पायावर उभं राहिलात की ती ओळख पुन्हा बसायला लागते. सकाळी दात घासताना करा, वेगळा वेळ लागत नाही.

सहा आठवडे होत आले तोवर पोराचं दुखणं गेलं होतं. सूजही नव्हती. यात्रा तोंडावर. “काठी धरू का?” एवढा एकच प्रश्न. मी त्याला चांगल्या पायावर टाच उचलायला लावली: पंचवीस. मुरगळलेल्या पायावर अकराव्याला पोटरी थरथरली. एका पायावर उडी मारून उतरताना घोटा आत कलला. दुखणं गेलं होतं, भरून आलं नव्हतं, आणि ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं म्हणून बरं. माझ्या तोंडी ऐकून त्यानं ऐकलं नसतं. यंदा घोट्याला पट्टी बांधून मिरवणुकीत चालायचं, काठी पुढच्या वर्षी, असं ठरलं. तो काही बोलला नाही. यात्रेत घालायची बाराबंदी मात्र शिवून तयार होती.

आज्जीनं पदराखालून करडईच्या तेलाची बाटली काढली.

“यात्रेत तेरा तारखेला अडुसष्ट लिंगांना तेल लावतात,” ती म्हणाली, “माझ्या नातवाच्या पायाला आता तरी लावू का नको?”

“आता लावा आज्जी. हलक्या हातानं.”

“हलक्या हातानं मला येत नाही,” म्हणत तिनं बाटली नातवाकडे दिली.